नंबर वाढतो तेव्हा काय वाढते: मुलांचे मायनस चष्मे आणि खानदेशातला उजेड

मुलाच्या चष्म्याचा नंबर दर तपासणीला वाढतोच आहे, तो कुठे थांबेल का, हा प्रश्न आमच्या पालकसभांमध्ये आता गुणपत्रिकेइतक्याच काळजीने विचारला जातो. मी धुळे जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो आणि माझ्या मुलीला दुसरीत असतानाच मायनस नंबर लागला, त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना मी उभा राहिलेलो आहे. नेत्रतज्ज्ञ मी नाही. पण या विषयावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे प्रयोग झाले, ते समजून घेण्यापुरते विज्ञान मला येते आणि त्यांतून निघणारी एक गोष्ट आपल्या भागातील पालकांना मुद्दाम सांगावीशी वाटते. वाढत्या डोळ्याला भरपूर उजेड लागतो, ऊन लागत नाही. वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर टेकणाऱ्या मुलखात हा फरक कळला, तर पुष्कळशा घरांतला पेच सुटू शकतो. त्याआधी नंबर वाढतो म्हणजे डोळ्यात नेमके काय घडते, ते पाहिले पाहिजे.

नवजात बालकाचा डोळा पुढून मागे साधारण १६ ते १७ मिलिमीटर लांब असतो आणि प्रौढपणी तो २३ ते २४ मिलिमीटरपर्यंत पोहोचतो. ही वाढ आपोआप, ठरल्या मापाने होत नाही. पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, पडणारी प्रतिमा स्पष्ट आहे की धूसर याचा अदमास घेत डोळा स्वतःची लांबी ठरवत असतो. १९७७ साली टॉर्स्टन वीझल आणि एलिओ राव्हिओला यांनी माकडांच्या पिल्लांच्या पापण्या शिवून ठेवल्या, तेव्हा स्पष्ट प्रतिमा न मिळालेले ते डोळे वाजवीपेक्षा लांब झाल्याचे त्यांना आढळले. डोळा जे पाहतो त्यावर त्याची वाढ अवलंबून असते, ही समज त्या प्रयोगानंतर पक्की होत गेली. लांबी गरजेपेक्षा जास्त झाली की दूरच्या वस्तूची प्रतिमा पडद्यापर्यंत न पोहोचता अलीकडेच तयार होते आणि मुलाला फळा पुसट दिसू लागतो. एक मिलिमीटर जादा लांबी म्हणजे साधारणपणे अडीच ते तीन डायॉप्टर (चष्म्याचा नंबर मोजण्याचे एकक) मायनस नंबर, असा ढोबळ हिशेब आहे.

साधा चष्मा ती प्रतिमा मागे ढकलून पडद्यावर आणतो. सिनेमाचा पडदा मागे सरकल्यावर यंत्राचे भिंग बदलून चित्र पुन्हा स्पष्ट करावे, तसे हे आहे. पडदा जिथे गेला तिथेच राहतो. दिसण्याची अडचण चष्म्याने पूर्ण दूर होते, पण डोळ्याची लांबी वाढण्याचे थांबत नाही. बहुतेक पालकांना, आणि खरे सांगायचे तर पुष्कळ चष्म्याच्या दुकानांनाही, पहिलीच गोष्ट महत्त्वाची वाटते. लांबी मात्र आयुष्यभराची असते. ताणलेल्या डोळ्याचा पडदा विरळ होतो. मायनस सहाच्या पलीकडे गेलेल्या डोळ्यांत पडदा सुटणे, पडद्याच्या मध्यभागाची झीज, काचबिंदू आणि लवकर येणारा मोतीबिंदू यांचा धोका बराच जास्त असतो. मोठेपणी लेसरने नंबर घालवता येतो, तेव्हा आता काळजी कशाला, असे म्हणणारे भेटतात. लेसर पारपटलाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराचा, आकार बदलतो, मागे ताणलेल्या पडद्याला तो हात लावत नाही. मार्क बुलिमोर आणि नोएल ब्रेनन यांनी २०१९ मध्ये वेगवेगळ्या देशांतील आकडेवारी एकत्र करून असा निष्कर्ष काढला की नंबर एका डायॉप्टरने जरी कमी राहिला, तरी पडद्याच्या मध्यभागाच्या या आजाराचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी घटतो. मायनस चारऐवजी मायनस तीनवर थांबणे चष्म्याच्या काचेत फारसे जाणवत नाही, पण पन्नाशीनंतर ते जाणवू शकते.

आई-वडिलांना चष्मा असेल तर मुलाला लागण्याची शक्यता वाढते, दोघांनाही असेल तर अधिकच वाढते. परंतु एकाच पिढीत हे प्रमाण जितक्या वेगाने वाढले आहे, तितक्या वेगाने कोणाचीही गुणसूत्रे बदलत नाहीत. ब्रायन होल्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार २०५० पर्यंत जगातील जवळजवळ निम्मी माणसे मायनस नंबरची असतील. दिल्लीतील शाळकरी मुलांची एम्सच्या डॉक्टरांनी केलेली पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली; तिच्यात ५ ते १५ वर्षांच्या मुलांपैकी १३.१ टक्के मुलांना निकटदृष्टिता, म्हणजे मायनस नंबर, आढळली, आणि दिवसाला दोन तासांहून जास्त वेळ बाहेर खेळणाऱ्यांत तिचे प्रमाण कमी होते. कोविडच्या काळात मुले घरात कोंडली गेली, तेव्हा चीनच्या शांदोंग प्रांतातील फेइचेंग शहरात सहा वर्षांच्या मुलांमधील प्रमाण आधीच्या पाच वर्षांतील जास्तीत जास्त ५.७ टक्क्यांवरून २०२० मध्ये २१.५ टक्क्यांवर गेले. ती तपासणी डोळ्यांत भिंगाला सैल करणारे थेंब न घालता केलेली होती, त्यामुळे आकडा थोडा फुगलेला असू शकतो. दिशा मात्र स्पष्ट आहे.

आता उजेडाकडे वळू. चीनमधील ग्वांगझू शहरात बारा शाळांतील पहिलीच्या मुलांवर एक प्रयोग झाला आणि तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटांचा एक जादा तास वर्गाबाहेर घेतला जाई. तीन वर्षांनंतर बाहेर जाणाऱ्या मुलांपैकी ३०.४ टक्के मुलांना मायनस नंबर लागलेला होता, तर नेहमीच्या वेळापत्रकाच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना. तैवानने २०१० पासून मुलांनी दररोज १२० मिनिटे बाहेर असावे असा कार्यक्रम देशभर राबवला आणि तिथे दशकानुदशके चढत गेलेला आलेख खाली वळला. उजेड नेमके काय करतो याचे सध्या सर्वांत जास्त मानले जाणारे उत्तर असे की तेजस्वी प्रकाशात दृष्टिपटलातून डोपामीन हे रसायन अधिक स्रवते आणि ते डोळ्याच्या लांबीच्या वाढीला आवर घालते. खेळण्यातील धावपळीचा यात फारसा वाटा नसावा, कारण मोठ्या सभागृहात बंदिस्त खेळ खेळणाऱ्या मुलांना हा फायदा मिळालेला दिसत नाही. बाहेर बसून गोष्टीचे पुस्तक वाचणारे मूलही फायद्यात राहते.

हे सगळे वाचताना माझ्या मनात जी शंका आली, तीच जळगाव, भुसावळ किंवा शिरपूरच्या कोणत्याही पालकाच्या मनात येईल. मार्च सरत आला की आपल्याकडे सकाळची शाळा सुरू होते. मुले दुपारपर्यंत घरी येतात, खिडक्यांना पडदे ओढले जातात, कुलर लावला जातो आणि ऊन उतरेपर्यंत अंधाऱ्या खोलीत हातात मोबाइल घेऊन मुले बसून राहतात. आई-वडिलांचा यात दोष काढता येत नाही. उष्माघात ही आपल्याकडे बातमीपुरती गोष्ट नाही. म्हणजे ज्या प्रदेशात वर्षाचे आठ-नऊ महिने आकाश निरभ्र असते आणि उजेडाला तोटा नाही, तिथलीच मुले वर्षाचा मोठा हिस्सा उजेडाविना काढतात, असा हा विचित्र प्रकार आहे.

या शंकेचे उत्तर तैवानमधीलच दुसऱ्या एका प्रयोगात सापडते, जो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या पहिलीच्या मुलांना आठवड्याला ११ तास बाहेर राहण्यास प्रोत्साहन दिले गेले आणि काहींच्या गळ्यात प्रकाशमापक अडकवले गेले. संशोधकांचा निष्कर्ष असा की रखरखीत उन्हात उभे राहण्याची गरज नाही. झाडाखाली किंवा इमारतीच्या उघड्या व्हरांड्यात मिळणारा १,००० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) वरचा उजेडही नंबर लागण्यापासून बचाव करतो. घरातल्या ट्यूबलाइटखाली साधारणपणे शंभर ते पाचशे लक्स प्रकाश असतो, तर उघड्या उन्हात तो लाखाच्या घरात जातो. मी विद्यार्थ्यांकडून मोबाइलमधील प्रकाशमापक ॲप वापरून आमच्या शाळेत मोजणी करून घेतली. अशा ॲपची मापे काटेकोर नसतात, पण तुलनेसाठी पुरेशी असतात. वर्गात भिंतीकडेच्या बाकावर आकडा तीनशेच्या आसपास घोटाळत होता, उघड्या व्हरांड्यात तो दोन हजार ओलांडून गेला आणि पटांगणातल्या निंबाच्या दाट सावलीत त्याच्याही पुढे. मुलांना आश्चर्य वाटले, कारण सावलीत आल्यावर आपल्या डोळ्यांना अंधारल्यासारखे वाटते. बाहुली आणि दृष्टिपटल उजेडाशी सतत जुळवून घेतात, म्हणून उजेड प्रत्यक्षात किती आहे हे आपल्याला नुसत्या डोळ्यांनी कळतच नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडे निंबाच्या, वडाच्या फांद्यांना झोके बांधतात आणि ऐन वैशाखात मुली तासन्‌तास त्या सावलीत रमतात. तेवढ्या सावलीत मुलांच्या डोळ्यांचे काम होते. उन्हाळ्यात सकाळी उजाडल्यापासून नऊपर्यंत आणि सायंकाळी साडेपाचनंतर अंधार पडेपर्यंत मूल बाहेर राहिले तर दोन तास सहज भरतात. डोक्याला टोपी किंवा रुमाल असला तरी चालते. ज्या शाळांत झाडे आहेत, तिथे सकाळच्या सत्रातला एखादा तास, विशेषतः पाठांतराचा, कवितेचा, चित्रकलेचा, झाडाखाली घेण्यास कोणाच्या परवानगीची अडचण येऊ नये. आम्ही तसा घेतो. ज्यांच्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवण्यासाठी जुनी झाडे तोडली गेली, त्या शाळांबद्दल मला वाईट वाटते, आणि ते केवळ उन्हाच्या झळांमुळे नव्हे.

एक मर्यादा इथे स्पष्ट सांगायला हवी. बाहेरच्या उजेडाचा सर्वांत मोठा उपयोग नंबर लागू नये किंवा उशिरा लागावा यासाठी होतो. एकदा लागलेला नंबर वाढण्याचा वेग त्याने थोडाच कमी होतो. म्हणून मोठ्या मुलाला चष्मा लागला असेल, तर घरातल्या धाकट्याला अंगणात पाठवणे अधिक तातडीचे असते. नंबर जितक्या लहान वयात लागतो, तितका तो पुढे जास्त वाढतो. सहाव्या वर्षी लागणारा नंबर दहाव्या वर्षापर्यंत लांबला, तरी मोठेपणीचा आकडा बराच खाली राहू शकतो.

जवळच्या कामाबद्दल मी तितका ठाम नाही, कारण पुरावेच तितके ठाम नाहीत. सिडनीतील शाळकरी मुलांच्या पाहणीत एकूण किती तास वाचले यापेक्षा ३० सेंटिमीटरपेक्षा कमी अंतरावरून वाचणे आणि अर्ध्या तासाहून अधिक वेळ सलग वाचणे यांचा मायनस नंबराशी अधिक स्पष्ट संबंध आढळला. पुस्तक कोपरापासून मुठीपर्यंतच्या अंतरावर असावे, हे लहान मुलालाही समजते. आपल्याकडची खरी अडचण वेळापत्रकाची आहे. नवोदय आणि शिष्यवृत्तीच्या परीक्षांची तयारी ज्या वयात चालते, साधारण नऊ ते अकरा वर्षे, त्याच वयात डोळ्याची लांबी वेगाने वाढत असते. पहाटे क्लास, मग शाळा, सायंकाळी पुन्हा क्लास आणि रात्री सराव प्रश्नपत्रिका, या रांगेत दिवसाउजेडी बाहेर पडण्याची वेळ नेमकी क्लासखाली दडपली जाते. परीक्षा देऊ नये असे मी म्हणणार नाही. माझे स्वतःचे विद्यार्थी त्या देतात. सायंकाळचा क्लास दिवे लागल्यानंतर ठेवावा, एवढे क्लासवाल्यांना सांगणे पालकांच्या हातात आहे, आणि चार पालकांनी मिळून सांगितले की ते ऐकतात.

घरातल्या वडीलधाऱ्यांचा विरोध हा वेगळाच विषय. ‘इतला धाकला पोरले चष्मा कसाले?’ हे माझ्या आईचे पहिले वाक्य होते, आणि त्यामागे नातीचे लग्न जमण्याची काळजी होती, हे ती बोलली नाही तरी आम्हांला कळत होते. चष्मा सतत लावला की डोळ्यांना सवय लागते, म्हणून तो फक्त शाळेत लावावा किंवा मुद्दाम कमी नंबरचा घ्यावा, हा सल्ला गावोगावी मिळतो. मलेशियात मुद्दाम कमी नंबरचा चष्मा दिलेल्या मुलांचा प्रयोग झाला होता, त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले आणि त्या मुलांचा नंबर पूर्ण नंबरचा चष्मा लावणाऱ्यांपेक्षा अधिक वाढलेला निघाला. गाजर, पालेभाज्या आणि शेवग्याचा पाला मुलांनी जरूर खावा, अ जीवनसत्त्वाच्या अभावी होणारे आजार त्याने टळतात; लांब झालेला डोळा त्याने आखूड होत नाही. डोळ्यांचे व्यायाम, मध घालणे, निरनिराळे अर्क यांच्याबाबतही तेच. यातले मध घालणे तर सरळ अपायकारक आहे.

नंबर लागल्यानंतर त्याचा वेग कमी करण्याचे उपाय आता खरोखर उपलब्ध आहेत आणि ते भारतात मिळतात. पहिला उपाय खास काचांचा. या काचांच्या मध्यभागातून मूल नेहमीसारखे स्पष्ट पाहते आणि सभोवती असलेली शेकडो बारीक भिंगे काही प्रकाश पडद्याच्या अलीकडे केंद्रित करतात, त्यामुळे डोळ्याला आणखी लांब होऊ नये असा इशारा मिळतो. हाँगकाँगमध्ये अशा एका काचेवर, जी मियोस्मार्ट नावाने विकली जाते, दोन वर्षांचा प्रयोग झाला आणि २०२० मध्ये त्याचे निष्कर्ष आले: नंबरवाढ ५२ टक्क्यांनी आणि लांबीची वाढ ६२ टक्क्यांनी कमी. स्टेलेस्ट नावाच्या काचेचे निष्कर्षही याच धाटणीचे आहेत, आणि तिच्या प्रयोगात दिवसातले बारा तास चष्मा लावणाऱ्यांना फायदा जास्त झाला. किंमत साध्या काचेच्या अनेक पट असते, खेळताना काच खराब होऊ शकते आणि नंबर बदलला की नवी घ्यावी लागते, हे धरूनच निर्णय करावा.

दुसरा उपाय अॅट्रोपीन या औषधाच्या अत्यंत सौम्य थेंबांचा. हाँगकाँगमधील २०१९ च्या प्रयोगात वर्षभरात औषध नसलेल्या साध्या थेंबांच्या गटातील मुलांचा नंबर सरासरी ०.८१ डायॉप्टरने वाढला, तर ०.०५ टक्के अॅट्रोपीन घेणाऱ्यांचा ०.२७ ने. आपल्याकडे जास्त लिहून दिली जाणारी ०.०१ टक्क्याची मात्रा मात्र वादात आहे. भारतातील २०२१ च्या प्रयोगात तिने नंबरवाढ कमी केली, पण लांबीतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. अमेरिकेतील २०२३ च्या एका प्रयोगात तर ती साध्या थेंबांपेक्षा सरस ठरलीच नाही. थेंब रोज रात्री, काही वर्षे घालावे लागतात आणि एकाएकी बंद केले तर नंबर उसळू शकतो, म्हणून ते नेत्रतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच चालू ठेवावेत किंवा थांबवावेत. रात्री लावून झोपायच्या कडक लेन्सही लांबीची वाढ कमी करतात. आपल्याकडची धूळ आणि बोअरचे पाणी पाहता, मूल स्वतः स्वच्छता पाळण्याइतके मोठे होईपर्यंत मी त्या वाटेला जाणार नाही. पारपटलाला झालेला जंतुसंसर्ग नंबरापेक्षा कितीतरी वाईट असतो.

धुळीवरून आणखी एक गोष्ट. उष्ण, कोरड्या आणि धुळीच्या हवेत मुलांना डोळ्यांची ॲलर्जी मोठ्या प्रमाणावर होते, डोळे लाल होतात आणि मूल ते सारखे चोळत राहते. जोरजोरात चोळण्याची सवय पुढे पारपटल पातळ आणि शंकूच्या आकाराचे होण्याशी जोडलेली आहे, आणि त्या आजारातही नंबर वाढतो, विशेषतः सिलिंड्रिकल नंबर. त्यावर ना खास काच चालते ना अॅट्रोपीन. ज्या मुलाचा सिलिंड्रिकल नंबर प्रत्येक तपासणीत बदलतो आहे आणि जे डोळे चोळते, त्याच्या पारपटलाचा नकाशा काढणारी टोपोग्राफी तपासणी करून घ्यावी. मेडिकलमधून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब खाज लगेच थांबवतात, म्हणून ते महिनोन्‌महिने घातले जातात आणि त्याने काचबिंदू होऊ शकतो. हे मी दोन विद्यार्थ्यांच्या घरी कळकळीने सांगितलेले आहे.

तपासणी कशी व्हावी याबाबत पालकांनी थोडे आग्रही असावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून शाळांत आणि अंगणवाड्यांत येतात, दृष्टिदोष त्यांच्या यादीत आहे, आणि ग्रामीण रुग्णालयातील नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांकडे मूल पाठवता येते. मधल्या काळात घरीच एक डोळा तळहाताने झाकून दूरच्या दिनदर्शिकेवरील आकडे वाचायला लावावे, मग दुसरा झाकावा. एका डोळ्याचा नंबर बराच जास्त असेल तर दोन्ही उघड्या डोळ्यांनी मूल सर्व काही वाचते आणि तो डोळा आळशी होत जातो.

नंबर काढताना मुलाच्या डोळ्यांत थेंब घालूनच तपासणी व्हायला हवी, कारण लहान मुलांचे भिंग जवळचे पाहण्यासाठी फुगलेले राहते आणि नुसत्या यंत्रावर नसलेला मायनस नंबरही दिसतो. डोळ्याची लांबी मोजण्याचे यंत्र आपल्याकडे नाही असे समजू नये. आजोबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी भिंगाचा नंबर ठरवायला डोळ्याची लांबी ज्या ऑप्टिकल बायोमेट्री यंत्रावर मोजतात, त्याच यंत्रावर नातवाचा डोळाही, त्याला स्पर्श न करता, काही क्षणांत मोजता येतो. तशी विनंती करावी आणि दोन्ही डोळ्यांची लांबी तारखेसह लिहून घ्यावी. सहा महिन्यांनी शक्यतो त्याच यंत्रावर पुन्हा मोजणी करावी, म्हणजे उपाय लागू पडतो आहे की नाही हे चष्म्याच्या नंबरापेक्षा नेमके कळते. थेंबांच्या प्रकारानुसार जवळचे धूसर दिसणे एका दिवसापासून, अॅट्रोपीनचे मलम असेल तर दोन आठवड्यांपर्यंत टिकते. त्यामुळे ही तपासणी दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत ठेवावी, चाचणी परीक्षेच्या तोंडावर ठेवू नये.